कोरी कार्डे आणि वीस भांडी

ऑर्लिन हॅल्वरसनच्या स्वयंपाकघरात टेबलावर, खुर्च्यांवर आणि खिडकीच्या कट्ट्यावर मिळून वीस रिकामी भांडी मांडलेली होती. त्याच्या बायकोला, मार्लिसला, जाऊन सात आठवडे झाले होते. एवढ्या दिवसांत त्याने स्वतः फक्त कॉफी केली होती. बाकी सगळे या भांड्यांतून आले होते. दफन झाले त्या दुपारपासून चर्चमधली माणसे हॉटडिश, म्हणजे एकाच भांड्यात ओव्हनमध्ये भाजलेले जेवण, घेऊन येत राहिली. कुणी टूना मासा घालून वर वेफर कुस्करलेली, कुणी खिम्यावर बटाट्याच्या गोळ्या रचलेली. शेजारच्या व्हर्ना क्विस्टने ती सगळी तळघरातल्या मोठ्या फ्रीझरमध्ये एकावर एक रचली आणि त्याला बजावले, की वरून सुरुवात कर आणि खाली जा. ऑर्लिनने तसेच केले. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी तो तळाला पोचला.

आता भांडी परत करायची होती. ते काही अवघड नव्हते. भांड्यांच्या बुडाला चिकटपट्ट्या होत्या आणि त्यांवर नावे होती. अवघड होते ते आभाराचे पत्र.

"भांडं आधी आणि पत्र मागून, असं चालत नाही," व्हर्ना कुंपणापलीकडून म्हणाली. "आधी पत्र जायला हवं."

"तोंडानं सांगितलं तर?"

"तू काय तोंडानं सांगणार, ऑर्लिन? एकतीस वर्षं कॅपिटॉलमध्ये होतास. एका तरी आमदारानं तुझा आवाज ऐकलाय का?"

ते खरे होते. कॅपिटॉल म्हणजे राज्याचे विधानभवन. गावाच्या मधोमध, टेकडीवर, वर मोठा घुमट. ऑर्लिन तिथले बॉयलर, नळ आणि दिवे सांभाळत असे. घुमटातल्या एकशे बारा दिव्यांपैकी कुठला जाणार हे त्याला आदल्या दिवशी कळायचे. माणसांचे तसे कळत नाही, हे त्याला फेब्रुवारीत समजले.

मार्लिसला तीच इमारत कार्डांवरून माहीत होती. जुनी पोस्टकार्डे जमवायचा तिला नाद होता, आणि विषय एकच, कॅपिटॉल. सव्वाशे वर्षांपूर्वी लोक इथे फोटो काढत आणि छापायला जर्मनीला पाठवत. तिकडच्या रंगाऱ्याने हे गाव पाहिलेले नसे. तो मनाला येईल तसे रंग भरी. ट्रामच्या तारा पुसून टाकी, हिरवळीवर छत्री घेतलेली एखादी बाई उभी करी, आणि एकाच फोटोवर एकदा दुपार चढवी, एकदा चांदणी रात्र. ऑर्लिन कामावरून घरी येई तेव्हा मार्लिस भिंग घेऊन बसलेली असे.

"तिसऱ्या मजल्यावर, डावीकडून चौथ्या खिडकीत दिवा आहे," ती म्हणायची. "तिथं काय आहे?"

"झाडूची खोली."

"मग एवढ्या रात्री तिथं कोण बसलंय?"

ऑर्लिन विचार करून सांगायचा, "झाडू."

एवढ्यावर ती खूप वेळ हसत असे. तिच्या सगळ्यात आवडत्या कार्डावर घुमटाच्या बरोबर मागे पूर्ण चंद्र होता. कॅपिटॉलचे तोंड दक्षिणेला. म्हणजे घुमटाच्या मागे उत्तर, आणि इतका वर चंद्र तिथे कधीच येत नाही. ऑर्लिनने हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितले होते आणि नंतर दर वर्षी सांगत असे. तिला ते ऐकायला आवडायचे.

रविवारी चर्चमधून आल्यावर त्याने आभाराची कार्डे शोधायला सुरुवात केली. स्वतःचा चष्मा सापडत नव्हता म्हणून मार्लिसचा घातला. तो थोडा कमी नंबरचा होता आणि त्यातून सगळे जग ओल्या काचेमागे असल्यासारखे दिसत होते. चादरींच्या कपाटात त्याला बुटाचे एक खोके मिळाले. त्यावर मार्लिसच्या अक्षरात लिहिले होते: कोरी.

आत वीस पोस्टकार्डे होती. सगळी कॅपिटॉलची, पाठी कोऱ्या. ऑर्लिनने विचार केला. संग्रह तर दिवाणखान्यातल्या अल्बममध्ये होता. त्या कार्डांच्या पाठीवर जुन्या लोकांची पत्रे होती, ती मार्लिस मोठ्याने वाचून दाखवत असे. तेव्हा जी लिहिलेली ती संग्रहाची आणि जी कोरी ती लिहायची. मार्लिसने अडीअडचणीला आणून ठेवली असणार. वीस भांडी आणि वीस कार्डे. गेल्यावरही तिने हिशेब चुकू दिला नाही, असे मनात येऊन त्याला बराच वेळ खुर्चीतून उठता आले नाही.

मग त्याने फ्यूजच्या पेट्यांवर नावे लिहायचा जाड काळा मार्कर घेतला. पहिले कार्ड लॅव्हॉन ब्रेक्केला. त्यावर काय लिहावे यात पाऊण तास गेला. शेवटी जमले: 'हॉटडिशबद्दल आभार. आलेल्या सगळ्यांत तुमची सगळ्यात चांगली होती. ऑर्लिन हॅल्वरसन.' वाचून त्याला बरे वाटले. आणि एकदा चालू झालेली गोष्ट उगाच उघडून बघायची नाही, हा त्याचा नोकरीतला नियम होता. त्याने तेच वाक्य उरलेल्या कार्डांवर लिहिले. तिकिटाच्या चौकोनात काहीतरी बारीक छापलेले होते, ते त्या चष्म्यातून वाचता येईना. त्याने त्यावर तिकीट चिकटवले.

एकोणीस झाली. विसाव्या भांड्याला मात्र चिकटपट्टी नव्हती. पांढरे भांडे, काठाला निळी फुले. ते अगदी तळाला होते. त्यातली हॉटडिश त्याने काल संपवली होती, सिंकपाशी उभ्याने, नीट गरमही न करता. कोंबडी आणि रानतांदूळ. आणि खरे सांगायचे तर तीच सगळ्यात चांगली होती. असे का, हे अर्धी संपल्यावर त्याच्या लक्षात आले. तिच्यात सेलरी नव्हती. गावातल्या प्रत्येक हॉटडिशमध्ये सेलरी, म्हणजे ती उग्र वासाची दांड्यांची भाजी, असते, आणि ऑर्लिनने ती लोकांकडे जन्मभर काही न बोलता गिळली होती.

विसावे कार्ड चंद्राचे होते. चुकीच्या जागचा चंद्र दुसऱ्या कुणाला पाठवायला त्याला संकोच वाटला, आणि पाठवणार तरी कुणाला? दुपार कलली होती. छपरावरचे बर्फ वितळून थेंब थेंब पडत होते. त्याने मार्कर ठेवला, मार्लिसची पेन्सिल घेतली आणि त्या कार्डाच्या पाठीवर मार्लिसलाच चार ओळी लिहिल्या. मग कार्ड खोक्यात ठेवले आणि तिथेच टेबलावर डोके टेकून झोपला.

सोमवारी एकोणीस कार्डे टपालपेटीत पडली. बुधवारी फोन आला.

फोन कॅपिटॉलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या इतिहास दालनातून होता. मिस पेल्टियर नावाच्या बाई बोलत होत्या. मार्लिसशी त्यांचे शरद ऋतूतच ठरले होते, त्या म्हणाल्या. पुढच्या शुक्रवारी इमारतीचा वाढदिवस; त्या दिवशी घुमटाखाली काचेची पेटी ठेवायची, आत मार्लिसची कार्डे. पितळी पाटीही करून आली होती. त्यांनी ती फोनवर वाचून दाखवली: 'मार्लिस हॅल्वरसन यांचा संग्रह'.

ऑर्लिनने सांगितले, की अल्बम उद्याच आणून देतो.

"अल्बम नकोत," मिस पेल्टियर म्हणाल्या. "लिहिलेली कार्डं आमच्याकडे पुष्कळ आहेत. मला ती वीस कोरी हवीत. पोस्टात कधी न गेलेली. ती जमवायला त्यांना चाळीस वर्षं लागली, तुम्हाला तर माहीतच असेल."

ऑर्लिन म्हणाला, "हो."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ खिडकीशी उभा राहिला. तिथून झाडांच्या वर घुमट दिसत असे. एकतीस वर्षे त्याने त्या इमारतीत कुठे गळती होऊ दिली नव्हती, आणि आता गळती होऊन मार्लिस एकोणीस घरांत गेली होती. कार्डे नसतील तर पेटी नाही, आणि पेटी नसेल तर पाटी कशाला लावतील? दहा मैलांवरच्या थडग्याच्या दगडाखेरीज मार्लिसचे नाव गावात कुठे लिहिलेले दिसणार, तर तेवढ्या पाटीवर.

कार्डे परत आणायला हवी होती. पण कारण कसे सांगायचे? सांगायचे, तर मार्लिसचा चाळीस वर्षांचा संग्रह आपण टूनाच्या हॉटडिशवर उधळला हे कबूल करावे लागणार होते. आणि ऐकणाऱ्या बाईला आपल्या टूनाची लायकी किती, तेही त्यातच कळणार होते. त्याने ठरवले, की कारण सांगायचेच नाही. भांडी पोचवायला जायचे आणि जाता जाता कार्ड मागायचे. बिननावाचे पांढरे भांडेही त्याने गाडीत शेजारच्या सीटवर ठेवले. मालकीण सापडली तर तेही काम होऊन जाईल.

पहिले घर लॅव्हॉनचे. लॅव्हॉन ब्रेक्के म्हणजे चर्चच्या स्वयंपाकघराची कर्तीधर्ती. कार्ड तिच्या फ्रिजवर चुंबकाखाली अगदी डोळ्यांसमोर लावलेले होते. पण कुणाच्या घरी जाऊन एकदम वस्तू मागता येत नाही. आधी कॉफीला दोनदा नको म्हणायचे आणि तिसऱ्यांदा अर्धा कप चालेल म्हणायचे. लिंबाच्या वड्यांचेही तसेच. मग नदीला किती पाणी आले आणि बर्फ आणखी किती दिवस. ऑर्लिनने ते सगळे केले. त्यात सव्वा तास गेला. खुर्ची मऊ होती, ऊन पायांवर आले होते, आणि मधल्या पंधरा मिनिटांत त्याचा डोळा लागला. स्वप्नात तो रंगवलेल्या कॅपिटॉलपुढे उभा होता. हिरवळ फारच हिरवी होती आणि कुठे एकही तार नव्हती. पायऱ्यांवर छत्री घेतलेली बाई खिडक्या मोजत होती.

निघताना दारात, कोट घातल्यावर, त्याने विषय काढला. ते कार्ड जरा नेऊ का?

"कुठलं? तू पाठवलेलं?" लॅव्हॉनने विचारले. "का? काही चुकलं त्यात?"

"नाही."

"मग ते माझ्यासाठी नव्हतं का?"

"तुझ्यासाठीच होतं."

लॅव्हॉन आत गेली, चुंबक काढला, कार्ड आणून त्याच्या हातात दिले. पांढरे भांडे तिचे नव्हते. मग एकदम आठवल्यासारखे करून तिने फ्रीझरमधून खिम्याची एक हॉटडिश काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. रिकाम्या हाताने त्याला पाठवणे तिच्याने झाले नसते, कितीही दुखावली तरी.

"वेगळंच आहे," ती दार लावताना म्हणाली.

त्या गावात कुणी कशाला वाईट म्हणत नाही. घर जळाले तरी म्हणत नाहीत. अगदीच सहन होईनासे झाले, की 'वेगळंच आहे' म्हणतात.

संध्याकाळपर्यंत फोन फिरले. ऑर्लिन हॅल्वरसन आभार परत घेत हिंडतोय. पहिल्यांदा लॅव्हॉनचे घेतले. लॅव्हॉनचे, जिची टूनाची हॉटडिश तीन राज्यपालांनी खाल्ली होती. तिचे परत गेले तर बाकीच्यांचे काय? मार्लिस गेल्यामुळे बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला असे काहींचे म्हणणे पडले. बऱ्याच जणींना मात्र वाटले, की डोके ठिकाणावर आले म्हणून तो आता पुन्हा विचार करतोय.

गुरुवारी तो पुढच्या घरी गेला तेव्हा बाईने कार्ड पाकिटात घालून तयार ठेवले होते आणि शेजारी नवी हॉटडिश वाफाळत होती. यावेळी लोणी जास्त घातलंय, ती म्हणाली. त्याच्या पुढच्या घरी चीज जास्त होते. शुक्रवारी एका घरी त्याला तिथेच बसवून ताट वाढले आणि खाऊन होईपर्यंत बाई समोर हात बांधून उभी राहिली. त्याने संपवल्यावर विचारले, "आता?" ऑर्लिन म्हणाला, फार छान. "कार्ड तरीही नेणार?" तो म्हणाला, हो. तिने त्याला आणखी एक भांडे बांधून दिले.

असा घोळ वाढत गेला. कार्ड आणायला जावे तर भांडे गळ्यात पडे, आणि भांडे आले की त्याच्या आभाराचे नवे पत्र आले. नऊ कार्डे परत मिळाली तेव्हा तळघरात सात नव्या हॉटडिश होत्या. प्रत्येक घरी त्याने पांढरे भांडे पुढे केले, आणि प्रत्येक घरी मान हलवण्यात आली. भांडे छान होते, कुणाचे का असेना. पण कुणाचेच नव्हते. प्रत्येक घरी त्याला डुलकीही लागे, कारण पोट भरलेले असे. डोळा लागला की रंगवलेल्या हिरवळीवरून चालत तो पायऱ्यांच्या आणखी जवळ जाई. छत्रीवाली बाई मोजता मोजता थांबे आणि विचारी, किती झाली? तो सांगे, अकरा. सांगे, तेरा.

गॉर्डी स्टूरकडे तो सोमवारी गेला. गॉर्डीने लग्न केलेले नव्हते आणि सगळ्यांत त्याने एकट्यानेच हॉटडिशऐवजी भाजलेल्या घेवड्याचे भांडे आणले होते. ऑर्लिनला दारात बघून तो पांढरा पडला आणि कॉफीसुद्धा न विचारता खाली बसला.

"तुला कळलं ना," गॉर्डी म्हणाला.

"काय?"

"डब्यातला होता रे तो घेवडा. दुकानातला डबा फोडून भांड्यात ओतला आणि वर बेकन ठेवलं. आईनं भांडं न्यायला शिकवलं, रांधायला नाही शिकवलं. तू लिहिलंस सगळ्यात चांगली, तेव्हापासून झोप नाही मला."

ऑर्लिनने त्याची समजूत घातली, की घेवडा खरेच बरा होता. गॉर्डीने कार्ड आणून दिले. त्यावर त्याने रोज सकाळी कॉफीचा कप ठेवला होता. घुमटाच्या मागे, निळ्या आकाशात, तपकिरी गोल उमटला होता. ऑर्लिनने ते खिडकीशी धरून पाहिले. आणखी एक चंद्र, आणि तोही उत्तरेलाच.

बुधवारी अठरा झाली. एकोणिसावे व्हर्नाकडे होते. व्हर्नाचे त्याने मुद्दाम शेवटी ठेवले होते, कारण तिचे घर शेजारीच होते आणि तिला तोंड दाखवायची त्याला सगळ्यात जास्त भीती होती. कुंपणाच्या फटीतून तो चालत गेला. गाडी काढली नाही, त्यामुळे पांढरे भांडेही सीटवरच राहिले.

व्हर्नाने कार्ड टेबलावर, दोघांच्या मध्ये ठेवले होते. त्यावर तिचे बोट होते.

"तीस वर्षं मी दर गुरुवारी तुमच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायले," ती म्हणाली. "कोरी कार्डं कशाला म्हणतात ते मला माहीत आहे. पेटीत तुझं पत्र आलं, ते उलटं केलं आणि तिथंच रस्त्यात उभी राहिले मी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? मार्कर पुसला गेला असता?"

बाहेर पन्हाळीतून पाणी वाहत होते. मग त्याने तिला पेटीचे आणि पाटीचे सांगितले. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्याने कुणाला सगळे सांगितले. व्हर्नाने बोट उचलले.

"एकच सांग. माझी खरंच सगळ्यात चांगली होती?"

"हो," ऑर्लिन म्हणाला.

व्हर्नाने त्याच्याकडे नीट पाहिले, आणि कार्ड दिले.

गुरुवारी सकाळी खोके घेऊन तो कॅपिटॉलच्या मागच्या दाराने आत शिरला. पुढच्या दाराने तो कधी गेलाच नव्हता. वर जाईपर्यंत त्याने मनाची समजूत घातली होती. कार्डे पेटीत ठेवणार ती चित्राची बाजू वर करून. पाठ कोण बघतो? एकावर कपाचा डाग होता. तो चंद्र म्हणून खपून गेला असता.

मिस पेल्टियरनी पांढरे हातमोजे घातले, पहिले कार्ड उचलले आणि उलटे केले. काळ्या मार्करकडे पाहिले, ताज्या तिकिटाकडे पाहिले, पोस्टाच्या शिक्क्याकडे पाहिले. दुसरे उचलले. तिसरे. त्यांनी वीसच्या वीस सावकाश वाचली. शेवटच्यावर त्या जरा जास्त वेळ थांबल्या. ऑर्लिन वरच्या पाइपाकडे बघत होता. त्याचा सांधा त्यानेच बसवला होता आणि अजून कोरडा होता.

"वेगळंच आहे," मिस पेल्टियर म्हणाल्या.

ऑर्लिनने टोपी हातात घेतली. त्याला वाटले, संपले.

"काचेत लावताना मला थोडा बदल करावा लागेल," त्या म्हणाल्या. "चालेल तुम्हाला?"

"पाटीवर तिचं नाव राहील ना?"

"राहील."

"मग हवा तो करा," ऑर्लिन म्हणाला. कसला बदल, हे विचारायचे त्याला सुचलेच नाही. खाली येताना प्रत्येक पायरी त्याला हलकी लागत होती.

शुक्रवारी दुपारी सगळे गाव घुमटाखाली जमले. कॉफीचे मोठे भांडे होते, लिंबाच्या वड्या होत्या. वरच्या खिडक्यांतून ऊन गोल फरशीवर पडले होते, आणि आवाज वर चढून घुमटातून मऊ होऊन परत येत होता. मधोमध काचेची पेटी. पाटी पितळेची, झळझळीत. ऑर्लिनने ती तीनदा वाचली. मग कार्डांकडे पाहिले, आणि त्याचे पाय जागेवरच थांबले.

कार्डे आडवी ठेवलेली नव्हती. प्रत्येक कार्ड दोन काचांच्या मध्ये उभे केलेले होते. पुढून चित्र. आणि माणूस चार पावले चालून पलीकडे गेला, की पाठ.

मिस पेल्टियर जवळ येऊन हळूच म्हणाल्या, की पाठीवर काही लिहिलेले असले की लोक जास्त वेळ थांबतात, आणि ही अक्षरे तर लांबूनही वाचता येतात.

लोक आधी पुढच्या बाजूला होते. ट्रामच्या तारा पुसल्या आहेत, ही बाई नंतर घातली आहे, असे एकमेकांना दाखवत होते. मग लॅव्हॉन ब्रेक्के पलीकडे गेली. तिच्या मागून दुसरी गेली. हळूहळू पुढे कुणीच उरले नाही. पलीकडे एकोणीस घरांची माणसे रांगेने काचेपाशी वाकून सरकत होती. तुमची सगळ्यात चांगली होती. तुमची सगळ्यात चांगली होती. गॉर्डी आपल्या कार्डापाशी आला आणि टोपी डोळ्यांवर ओढून पुढे सरकला. लिंबाच्या वडीचा घेतलेला घासही कुणी चावत नव्हते.

व्हर्ना शेवटच्या कार्डापाशी पोचली होती. चंद्राच्या. ती वाकली, आणि वाकलेलीच राहिली. ऑर्लिन खांबाआडून बघत होता. त्या कार्डावर पेन्सिलीने लिहिले होते:

'मार्लिस, सगळ्यांना तुमची सगळ्यात चांगली असं लिहिलं. ते खरं नाही. सगळ्यात चांगली एका पांढऱ्या भांड्यातली होती, निळ्या फुलांच्या. त्यावर नाव नाही. तिच्यात सेलरी नव्हती. मला सेलरी आवडत नाही हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत असेल? आभार कुणाचे मानायचे ते कळेना म्हणून तुला लिहितो. चंद्र अजून चुकीच्या जागी आहे. ऑर्लिन.'

व्हर्ना सरळ झाली आणि त्याच्यापाशी आली. तो माफी मागायला लागला, की टेबलाशी बसून खोटे बोललो. तिने हात वर केला.

"ते भांडं कुठं आहे?"

"गाडीत. अठरा घरी दाखवलं. कुणाचंच नाही."

"आणि फ्रीझरमध्ये कुठं होतं?"

"तळाला. तू रचलेल्यांच्या सगळ्यात खाली."

"मी रचायला घेतलं तेव्हा ते आधीच तिथं होतं," व्हर्ना म्हणाली. "दवाखान्यात जायच्या आठवड्यात तिनं करून ठेवली होती ती, ऑर्लिन. चिकटपट्टी बाहेर जाणाऱ्या भांड्याला लावतात. घरच्या भांड्यावर कोण नाव लिहील?"

ऑर्लिनच्या हातातली वडी तशीच राहिली. उन्हाचा गोल फरशीवरून सरकून त्याच्या बुटांवर आला होता.

"अडतीस वर्षं त्यात जेवलो," तो म्हणाला. "भांड्याकडे कधी बघितलंच नाही. आणि शेवटची मी सिंकपाशी उभ्यानं खाल्ली, व्हर्ना. गारढोण."

"खाल्लीस तर खरी."

"तिला सांगता आलं नाही."

"सांगितलंस की." व्हर्नाने पेटीकडे मान केली. "एकोणीस पत्रं कुठल्या कुठं गेली. ते एकच बरोबर माणसाला लिहिलं गेलं."

तेवढ्यात काचेपलीकडून लॅव्हॉनचा आवाज आला. ती कुणाशीच बोलत नव्हती आणि सगळ्यांना ऐकू येत होते. "सेलरी नको होती," ती म्हणाली, "तर सांगायचं होतं."

ऑर्लिन पलीकडे गेला नाही. तो पुढून, आता कुणीच नव्हते तिथून, चंद्राच्या कार्डासमोर जाऊन उभा राहिला. तिसऱ्या मजल्यावर, डावीकडून चौथ्या खिडकीत, दिवा होता. तो बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात पाच भांडी ओळीने ठेवलेली होती, अजून कोमट. बुडाला चिकटपट्ट्या होत्या. पट्ट्यांवर नावे, आणि नावांखाली लिहिलेले: 'सेलरी नाही'. त्याने ती आत नेली. मग गाडीतून पांढरे भांडे आणले, धुतले, पुसले आणि मार्लिसच्या फडताळात वरच्या खणात ठेवले. समोर टेबलावर चिकटपट्टी होती आणि मार्करही. त्याने ते दोन्ही उचलून टेबलाच्या खणात टाकले आणि कॉफी ठेवली.